चार बोटांचं पातं

मला हवा होता तो चाकू अगदी साधा होता. चार बोटांचं पातं, न मिटणारं, वर म्यान. कामही साधंच. रोपाची काळी पिशवी उभी चिरायची, सुतळी कापायची, खताच्या गोणीची शिवण उसवायची, बांबूच्या काठीला टोक काढायचं. एवढ्यासाठी चाकू निवडायला मला अडीच महिने लागले. त्या अडीच महिन्यांत मी जितकी माणसं पारखली, तितकी नोकरीच्या एकोणतीस वर्षांतही पारखली नव्हती. बहुतेक नापास झाली. एकदा मीही झाले.

माझी नोकरी स्टोअरची. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात जाळीच्या खिडकीच्या आत मी आणि बाहेर हत्यार मागायला आलेले पुरुष. कानस, ड्रिल, पाना, हॅक्सॉ ब्लेड, जे लागेल ते सहीवर द्यायचं आणि पाळी सुटताना परत घ्यायचं. त्या खिडकीने मला एक गोष्ट शिकवली. ज्याला काम येतं तो कामाचं नाव सांगतो, आणि ज्याला येत नाही तो हत्याराचं. "बाई, पितळेत बारीक खाच पाडायचीय," असं म्हणणाऱ्याला मी डोळे मिटून कुठलीही कानस द्यायचे, तो निभावून न्यायचा. "बाई, ती जर्मन कानस काढा," म्हणणारा तासाभराने तोंड पाडून यायचा आणि म्हणायचा, कानसच भिकार आहे.

रिटायर झाल्यावर बुवापाड्यातलं घर सोडून मी मुलाकडे बदलापूरला आले. चौदा मजल्यांची बिल्डिंग. तिथल्या काही लोकांनी निसर्गाची सेवा करायचं ठरवलं होतं. बारवी धरणाच्या रस्त्याला एका पाड्याच्या वरच्या अंगाला थोडी उताराची जमीन त्यांना झाडं लावायला मिळाली होती. दर रविवारी सकाळी तीन गाड्या भरून तिथे जायचं, दोन तास काम करायचं, तिसऱ्या तासाला फोटो आणि नाश्ता. मला घरात बसवत नव्हतं, म्हणून मीही जायला लागले. पहिल्याच रविवारी लक्षात आलं की तिसरा तास हाच मुख्य कार्यक्रम आहे.

ग्रुपला एक अध्यक्ष होते. कुठल्याशा ऑफिसातून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. टोपी, काळा चष्मा, गळ्यात शिट्टी. ती शिट्टी कशासाठी ते मला बरेच दिवस कळलं नाही. झाडाला त्यांनी हात लावलेला मी पाहिला तो फक्त फोटोत. दुसरा एक तिशीतला इंजिनियर. सगळे त्याला इंजिनियरच म्हणायचे. त्याला प्रत्येक वस्तूची माहिती होती आणि एकाही वस्तूची सवय नव्हती. आणि खरं काम करणारी एकच, खालच्या पाड्यावरची बाई. चाळिशीची असेल. आठवडाभर रोपांना पाणी घालायला ग्रुपने तिला ठेवलं होतं. कमरेला लाकडी आकडी, त्यात कोयता. ती सगळ्यांना अरे-तुरे करायची, त्यामुळे अध्यक्ष तिच्याशी शक्यतो बोलतच नसत.

सुरुवातीला मी घरातला भाजीचा चाकू नेत होते, पेपरात गुंडाळून. दुसऱ्या खेपेला तो पेपरातून आणि पर्समधून आरपार आला आणि माझ्या मांडीला टोचला. म्हणून म्यान असलेला नीट चाकू घ्यायचं ठरवलं. आणि मग मूर्खपणा केला. ग्रुपवर विचारलं, "रोपांच्या कामासाठी छोटा चाकू कुठे चांगला मिळेल?"

दुपारपर्यंत त्रेचाळीस मेसेज आले होते. कुठे मिळेल याचं उत्तर एकातही नव्हतं. एकाने कायद्याचं कलम पाठवलं, किती लांब पात्याला लायसन लागतं त्याचं. मी चार बोटं म्हणत होते, हे गृहस्थ मला तलवारीपासून वाचवत होते. एकाने विचारलं, "वहिनी, बिबट्या आला तर त्याचा उपयोग होईल का?" त्यावर सात जण हसले. अध्यक्षांनी लिहिलं की हा विषय आपण येत्या बैठकीत घेऊ. आणि इंजिनियरने एक तक्ता पाठवला. त्यात स्टीलचे नऊ प्रकार होते, प्रत्येकाची कडकपणाची आकडेवारी, आणि खाली लाल अक्षरांत सूचना, की पातं मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं असलंच पाहिजे, नाहीतर जंगलात जीव जाऊ शकतो.

आम्ही ज्याला जंगल म्हणत होतो तिथून वड्याची टपरी दिसायची.

तरी मी त्याचं ऐकलं. का ऐकलं, याचं मला अजून नवल वाटतं. एकोणतीस वर्षं मी अशा माणसांना खिडकीतून परत पाठवलं होतं. पण रिटायर झालं की माणसाला वाटतं, आपलं ते सगळं जुनं झालं, आता ह्यांचं नवं काहीतरी असेल. त्याने पाठवलेल्या लिंकवरून मी चाकू मागवला.

खोका उघडला तर आत काळा कुळकुळीत, विंचवासारखा दिसणारा ऐवज. मुठीला गुंडाळलेली दोरी, दोरीत आग पेटवायची काडी, म्यानाला होकायंत्र. पात्याची पाठ माझ्या करंगळीएवढी जाड. ती जाडी बघूनच मी ओळखलं. एवढ्या जाड पाठीचं पातं कापत नाही, फाकवतं. छिन्नीचं काम आहे ते. तरी सुनेला म्हटलं, टोमॅटो आण. टोमॅटो चपटा झाला, मग फुटला, मग ओट्यावर सांडला. सून म्हणाली, "आई, हा भाजीसाठी नसेल." मी म्हटलं, "अगं, टोमॅटोची साल ज्याला कापत नाही, त्याला सुतळी काय कापणार?" सुतळीवर घातला. सुतळीचे धागे वाकले आणि तसेच राहिले.

पुढच्या रविवारी इंजिनियरला सांगितलं. तो अजिबात खजील झाला नाही. "मॅडम, याच्याने तुम्ही लाकूड फोडू शकता," म्हणाला. "मागून दगडाने ठोकायचं."

"मला लाकूड फोडायचं नाहीये."

"पण वेळ आली तर?"

शेजारीच पाड्यावरची बाई कोयत्याने कुंपणाचे काटे तोडत होती. मी तिच्याकडे बोट दाखवलं. "वेळ आली तर तिला हाक मारेन."

तो चाकू मी परत पाठवला आणि एका मंगळवारी रिक्षा करून उल्हासनगरला गेले, कॅम्प चारला. कारखान्यात असताना किरकोळ सामान तिथून यायचं. एका गल्लीत एका सिंधी शेटचं हत्यारांचं दुकान होतं, पुढे काउंटर, मागे पडद्याआड घासायचं मशीन. शेट आता म्हातारा झाला होता. त्याने मला ओळखलं नाही, आणि मीही ओळख दिली नाही. ओळखीच्या गिऱ्हाइकाला माल दाखवत नाहीत, चहा पाजतात.

त्याने काउंटरवर कापड पसरलं आणि वीसेक चाकू मांडले. एकावर जपान लिहिलेलं, एकावर स्वित्झर्लंड, एकावर नुसतंच 'ओरिजिनल'. सगळ्यांची पाती एकाच पत्र्यातून कापलेली. मुठीवरच्या रिबिटाही तशाच, वाकड्या.

"शेट, हे जपानचं?"

"दीदी, प्युअर जपान."

"आणि हे स्वित्झर्लंडचं?"

"वो भी प्युअर."

"मशीन तर मागे चालू आहे."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग अगदी शांतपणे म्हणाला, "दीदी, तुम्हाला कुठलं नाव पाहिजे बोला. कल डाल के दूँगा."

गेल्या दोन महिन्यांत चाकूबद्दल माझ्याशी खरं बोललेला हा पहिला माणूस. मी म्हटलं, "नाव नको. रोपाची पिशवी फाडायचीय, मुळांना धक्का न लागता. सुतळी कापायचीय. चार बोटं पातं, पातळ. गंजलं तरी चालेल, पण धार धरली पाहिजे."

"ऐसा बोलो ना," तो म्हणाला, जणू मीच इतका वेळ लपवून ठेवलं होतं. पडद्यामागे गेला आणि कागदात गुंडाळलेली एक सुरी घेऊन आला. पॉलिश नाही, नाव नाही. मळकट राखाडी पोलाद, पाठ पातळ, टोकाकडे पोटाला थोडा गोल बाक. शिसवीची मूठ, दोन पितळी रिबिटा. मी नखावर धार टेकवली. घसरली नाही, रुतली. काउंटरवरची सुतळी हातात घेऊन नुसती टेकवली तर दोन तुकडे झाले.

"ही कोण नेतं?"

"चमडेवाले ले जाते हैं," शेट म्हणाला. "खाल उतारने का काम. शहर में कोई नहीं पूछता. चकाकत नाही ना."

मी ती सुरी काउंटरवर परत ठेवली.

लहानपणी आमच्या घरात सुरी नव्हती. मी बुवापाड्यात लहानाची मोठी झाले ते विळीवर. कांदा विळीवर, मासे विळीवर, वहीचे कागद कापायचे तरी विळीवर. शेजारणींकडे चाकू आले, आमच्याकडे आला नाही. वडील आणू देत नसत. एकदा आईने बाजारातून साधा फळं कापायचा चाकू आणला, तर त्यांनी तो तसाच्या तसा परत करायला लावला. एरवी शांत माणूस, कारखान्यात हेल्पर. आवाज चढवलेला मी ऐकलेला नाही. कारण त्यांनी मला सांगितलं ते मी नोकरीला लागल्यावर. गावाकडे आजोबांकडे एक सुरी होती. गावात ढोर मेलं की आजोबांना बोलावणं यायचं, ओढून न्यायला आणि कातडं काढायला. नाही म्हणायची सोय नव्हती. वडील लहान होते, ते दिवा धरून बाजूला उभे राहत. ज्या वर्षी घराने धम्म घेतला, त्या वर्षी आजोबांनी ते काम सोडलं. गावाने पाणी तोडलं, वाट तोडली, तरी परत धरलं नाही. सुरी त्यांनी लोहाराकडे नेली आणि तिचे खिळे करून घेतले. ते खिळे घराच्या दाराला मारले. वडील म्हणाले होते, "पोरी, त्या सुरीची धार फार चांगली होती. म्हणूनच मला ती डोळ्यांसमोर नको."

हे सगळं मी शेटला सांगितलं नाही. तो वाट बघत होता.

"लेना है?"

मी सुरी पुन्हा उचलली. हातात अशी बसली की जणू माझ्या पंज्याचं माप घेऊन केली असावी. मला राग आला, आणि तो कोणावर, ते कळेना. वडिलांवर नाही. आजोबांवर तर नाहीच. मग मला वाटलं, लोखंडाने कुणाचं काय वाकडं केलंय. ज्यांनी ते काम आमच्या गळ्यात बांधलं, त्यांची नातवंडं आज जपान लिहिलेले चाकू घेऊन डोंगरावर फोटो काढतात, आणि मी चांगलं पोलाद काउंटरवर सोडून जाऊ?

"म्यान करून द्या," मी म्हटलं. शेटने तासाभरात म्यान शिवून दिलं. मी ते पट्ट्यात ओवून घरी आले. सुनेला धार दाखवली. मूळ काय ते सांगितलं नाही.

तीन रविवार सुरी अप्रतिम चालली. काळी पिशवी वरून खालपर्यंत एका ओढीत उघडायची, आतली माती हलायची नाही. पाड्यावरच्या बाईने एकदा माझ्या हातातून मागून घेतली, अंगठ्यावर आडवी फिरवली. "पातल हाय," म्हणाली. "रोपाला बरी. लाकडाला घालू नको, तुटंल." इंजिनियरच्या नऊ ओळींच्या तक्त्यात नव्हतं ते तिने एका दमात सांगून टाकलं.

चौथ्या रविवारी इंजिनियरने ती पाहिली. हातात घेऊन उलटसुलट केली, पोटाच्या बाकावरून बोट फिरवलं. "मॅडम, ही स्किनिंगची आहे. कातडं सोलायची." त्याला नुसती माहिती सांगायची होती. त्याला कायम नुसती माहितीच सांगायची असायची.

अध्यक्ष बाजूला उभे होते. टोपी सारखी करत ते हसले. "मग बरोबर हातात पोचली म्हणायची."

दोघे-तिघे हसले. एकाने मान खाली घातली, म्हणजे त्यालाही कळलं होतं. माझं आडनाव अध्यक्षांनी पहिल्या दिवशीच मला दोनदा विचारून घेतलं होतं, आणि गाव कुठलं तेही.

मी म्हटलं, "म्हणजे काय?"

"म्हणजे, तुम्हाला चांगली वापरता येईल."

"का?"

"अहो ताई, गंमत केली."

"मला कळली नाही. नीट सांगा. कातडं सोलायची सुरी माझ्याच हातात बरोबर का?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तुम्ही स्टोअरमध्ये होता ना. हत्यारांची माहिती तुम्हाला."

"माहिती यांनाही आहे." मी इंजिनियरकडे बोट केलं. "त्यांच्या हातात बरोबर का नाही? तुमच्या का नाही?"

"तुम्ही उगाच मनाला लावून घेता. हे सगळं आता राहिलंय कुठे?"

"काय राहिलंय कुठे?" मी विचारलं. "मी तर कशाचं नाव घेतलं नाही. तुम्ही सांगा, काय राहिलं नाही?"

इतका वेळ गळ्यात नुसती लोंबणारी शिट्टी अध्यक्षांनी तोंडाला लावली आणि वाजवली. "चला, ऊन वाढतंय, फोटो घेऊन टाकू."

माझ्या आजूबाजूला बारा सुशिक्षित माणसं उभी होती. कुणी रोपाकडे बघत होतं, कुणी फोनकडे. एकजण अचानक फार मन लावून हात धुऊ लागला. आणि मग सगळे ओळीने उभे राहिले, आणि त्यांच्याबरोबर मीही राहिले. हे मला लिहायलाच हवं. मला कोणी ओढून नेलं नव्हतं. सवयीने पाय वळले. तो फोटो ग्रुपवर आहे. डावीकडून तिसरी मी, हातात रोप, आणि तोंडावर जे आहे त्याला कुणीही हसूच म्हणेल.

त्या संध्याकाळी मला खाजगीत तीन मेसेज आले. तिन्हीत हात जोडलेली चित्रं. एकाने लिहिलं, "आज जे झालं ते योग्य नव्हतं, वाईट वाटलं." हा हात धुणारा. ग्रुपवर मात्र त्याने अध्यक्षांच्या फोटोला अंगठा दिला होता. अध्यक्षांचा मला राग होता, पण त्या तीन मेसेजांची किळस आली. शिवी देणाऱ्याला निदान शिवी द्यायची तरी होती. यांना चारचौघांत गप्प बसायचं होतं आणि वर माझ्याकडून चांगले म्हणवूनही घ्यायचं होतं.

त्यानंतरचे दोन रविवार मी सुरी नेलीच नाही. पेपरात गुंडाळून पुन्हा तो भाजीचा चाकू नेला. कुणी काही बोललं नाही, उलट सगळे माझ्याशी जरा जास्तच गोड बोलले. भाजीच्या चाकूने पिशवी अडकत अडकत फाटायची आणि मुळांची माती सुटून माझ्या पायावर पडायची. एका माणसाच्या एका वाक्याने मी चांगलं हत्यार घरी ठेवून वाईट हातात घेतलं होतं. स्टोअरच्या खिडकीशी असं कोणी केलं असतं तर मी त्याला उभं केलं नसतं.

दुसऱ्या रविवारी पाड्यावरची बाई माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली. फाटक्या पिशवीकडे बघत म्हणाली, "बाय, तुझी सुरी कुठं हाय?"

"घरी आहे."

"का?"

मी तिला सांगितलं. आधी अध्यक्षांचं, मग आजोबांचंही. ती ऐकत होती आणि त्या वेळात तिने माझ्या हातातला चाकू काढून घेतला, बाजूला ठेवला आणि कोयत्याच्या टोकाने पिशवी स्वतःच फाडली.

"त्याला फाडाया येतं का हे?" तिने विचारलं. अध्यक्ष लांब छत्रीखाली खुर्चीवर बसले होते, त्यांच्याकडे तिने हनुवटी केली.

"नाही."

"मंग कशाला त्याचं आयकतंस?"

ती उठून पाण्याचा हंडा घ्यायला गेली. तिने माझी समजूत घातली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं की ज्याला काम येत नाही त्याचं बोलणं कोणी का धरून बसावं. मला मात्र ते कळायला इतकी वर्षं आणि दोन रविवार लागले.

घरी येऊन मी ग्रुपवर लिहिलं, "मी यापुढे रविवारी येणार नाही. कारण अध्यक्षांना ठाऊक आहे. त्यांनी सांगावं." आणि ग्रुपमधून बाहेर पडले. संध्याकाळी इंजिनियरचा फोन आला.

"मॅडम, मी ते स्किनिंगचं बोलायला नको होतं."

"तू सुरीबद्दल बोललास. ते खरं होतं."

"मग?"

"त्याच्यानंतर तू गप्प बसलास."

तो म्हणाला, "सॉरी."

"हे तू फोनवर म्हणतोयस. तेव्हा तिथे बाराजण होते."

"मी ग्रुपवर लिहू का?"

"ते मला विचारून लिहायचं नसतं," मी म्हटलं आणि फोन ठेवला. त्याने लिहिलं का, मला माहीत नाही. मी कुणाला विचारलं नाही. लिहिलं असतं तर सुनेच्या कानावर आलं असतं, असं वाटतं.

मी मग बुधवारी आणि शनिवारी जायला लागले, एसटीने, कमरेला सुरी लावून. मुलगा म्हणाला, "आई, पाड्यावर एकटीच काय करतेस?" मी म्हटलं, "एकटी नसते." पाड्यावरची बाई आणि मी मिळून पाणी घालत होतो, गवत काढत होतो, वाकलेली रोपं काठीला बांधत होतो. उन्हाळा तापला तसे रविवारच्या तीन गाड्यांची एक झाली. पुढे फोटोसुद्धा बंद झाले. एका समारंभात अध्यक्षांना शाल आणि नारळ मिळाल्याचं बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये लावलेल्या कागदावरून कळलं. कागदावर झाडांची संख्या होती. त्यातली किती जिवंत आहेत हे त्यांनी मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. निम्मीही नव्हती.

जनावरांपासून राखायला आम्ही रोपांभोवती धरणावरच्या जुन्या मासेमारीच्या जाळ्यांचे तुकडे बांधले होते. मे महिन्यातल्या एका शनिवारी वर पोचले तर एक शेळी त्या जाळ्यात मान अडकवून पडलेली. सुटायला जितकी झटापट करत होती तितका नायलॉनचा दोरा आवळत होता. डोळे बाहेर आलेले, जीभ काळी पडत चाललेली. पाड्यावरची बाई धावत आली. ती तिच्या दिराची शेळी. तिने कोयता काढला, पण दोरा केसांत इतका रुतला होता की कोयत्याचं टोक आत जाईना. घातलं असतं तर गळाच कापला गेला असता.

"तुझी दे," ती म्हणाली.

"तू धर तिला," मी म्हटलं. "मी कापते."

तिने शेळीच्या अंगावर गुडघा टेकला आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मी डाव्या हाताचं बोट कातडी आणि दोरा यांच्यामध्ये खुपसलं. बोटावरून पातं आडवं सरकवलं, धार बाहेरच्या बाजूला. कातडीखाली तिची नाडी उडत होती, माझ्या बोटाला जाणवत होती. पहिला दोरा तुटला. दुसरा. तिसरा फार आत होता. तिथे माझं बोट कापलं, पण शेळीला ओरखडाही आला नाही. चौथा तुटला तशी ती एकदम खोकली, चार पाय झाडले आणि उठून उभी राहिली.

आम्ही दोघी मातीत बसलो होतो. माझ्या बोटातून रक्त गळत होतं, तिने पदराची पट्टी फाडून बांधली. शेळी थोडी लडखडली, मग स्थिर झाली. आमच्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. वळली, दोन पावलं चालली आणि उघड्या पडलेल्या जांभळाच्या रोपाचा शेंडा खाऊ लागली.

"बघ," बाई म्हणाली. "हिला लाज नाय."

आणि ती हसायला लागली. तोंडावर हात न ठेवता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मलाही हसू आवरेना. शेळी निवांत चावत होती. आम्हा दोघींपैकी कोणालाही उठून तिला हाकलायचं सुचलं नाही. शेंडा संपला तेव्हा बाईच उठली आणि दिराच्या नावाने शिव्या देत शेळीला खाली घेऊन गेली.

ते जांभूळ मेलं नाही. पावसात त्याला बुडख्याजवळून दोन फुटवे आले. एक जमिनीकडे वाकलेला होता, तो मी काढून टाकला. दुसरा सरळ आहे, आता माझ्या गुडघ्यापर्यंत येतो.